सातभाईंचं काय मग?

"माणूस सोडला तर दुसऱ्याच्या पोराला कुणी घास भरवत नाही" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कळपात राहणारे सगळे फक्त भीतीपोटी एकत्र असतात, हेही अर्धंच खरं. कळंब्याला आमच्या परड्यात लिंबाच्या झाडावर सातभाईंचं, म्हणजे टोळीनं राहणाऱ्या पक्ष्यांचं, घरटं होतं. जोडी एक, पण पिल्लांच्या तोंडात अळ्या कोंबायला चार-पाच जण रांगेत. एक जण कायम शेवग्याच्या शेंड्यावर पहाऱ्याला. शिक्रा दिसला की त्याची कर्कश हाक, आणि खाली पाचोळा उलथत बसलेली अख्खी टोळी एका उडीत कुंपणात. हे मदतनीस बहुतेक आधीच्या विणीतली थोरली पोरं, म्हणजे घरचेच. भावंडं जगली तरी आपलंच रक्त पुढं जातं, हे गणित हॅमिल्टन या जीवशास्त्रज्ञानं १९६४ साली मांडलं. तेवढ्यापुरता 'स्वार्थ' म्हणा हवं तर.

पण भावा, खरी गंमत पावशाची, म्हणजे कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याची. त्याची अंडी सातभाईंच्या अंड्यांसारखीच निळी, ती तो गुपचूप त्यांच्या घरट्यात घालतो. गेल्या पावसाळ्यात कुंपणाच्या तारेवर बसलेलं पावशाचं पट्टेरी शेपटीचं पोर आ वासून ओरडत होतं आणि तीन सातभाई आळीपाळीनं त्याला भरवत होते. एकानं तर टोळ आणला, पाय मोडून, दोनदा तारेवर आपटून मग दिला. सख्ख्यासाठी तरी याहून जास्त काय करतात?