नाननिंग, ग्वीयांग, ल्यूचौ : चीनच्या अनोळखी शहरांतील गगनचुंबी इमारतींकडे कसे पाहावे?

गच्चीकर :

चीनमधील उंच इमारतींचा विषय निघाला की आपली चर्चा शांघाय, शेनझेन आणि हाँगकाँग या नावांपुढे फारशी सरकत नाही. व्हिएतनामच्या सीमेपासून फार दूर नसलेले नाननिंग, ग्वीचौ या डोंगराळ आणि दीर्घकाळ गरीब समजल्या गेलेल्या प्रांताची राजधानी ग्वीयांग, मोटारींच्या कारखान्यांचे ल्यूचौ किंवा यांगत्सेकाठचे चेनच्यांग ही नावे आपल्याकडे क्वचितच कोणाच्या तोंडी असतात. तरीही नाननिंगमधील चायना रिसोर्सेस टॉवर ४०३ मीटर उंच आहे, ग्वीयांगच्या आंतरराष्ट्रीय वित्त केंद्राचा मुख्य मनोरा ४०१ मीटर आहे, चेनच्यांगचा सुनिंग प्लाझा ३३८ मीटर आणि ल्यूचौची दीवांग इमारत ३०३ मीटर आहे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे छत ३८१ मीटरवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे यांतील पहिल्या दोन इमारतींचे मोजमाप ध्यानात येईल.

या शहरांविषयी लिहिताना ‘कर्ज काढून उभारलेली रिकामी भुताटकी’ असा एक ठरावीक शेरा मारला जातो, आणि माझा आक्षेप त्या शेऱ्यालाच आहे. २०१० ते २०२० या दोन जनगणनांच्या दरम्यान ग्वीयांगची लोकसंख्या सुमारे ४३ लाखांवरून ६० लाखांवर, तर नाननिंगची सुमारे ६७ लाखांवरून ८७ लाखांवर गेली. प्रांतातील खेड्यांमधून निघालेला तरुण पूर्वी थेट ग्वांगडोंगच्या कारखान्यांत जात असे; आता त्यांतले पुष्कळ जण आपल्याच प्रांताच्या राजधानीत थांबतात. ग्वीयांग चुनखडीच्या टेकड्यांमध्ये वसलेले असल्याने तेथे सपाट जमीन मुळातच थोडी आहे. जुन्या झोपडवस्त्यांच्या जागी उभारलेल्या ह्वाग्वोयुआन या एकाच वसाहतीत दोनशेहून अधिक मनोरे असून काही लाख लोक राहतात, आणि तिथली नित्याची तक्रार शुकशुकाटाची नसून वाहतूककोंडीची व लिफ्टसाठी लागणाऱ्या रांगांची आहे. २००४ पासून चीन-आसियान प्रदर्शन दरवर्षी नाननिंगमध्ये भरते, आणि २०१६ मध्ये तेथे मेट्रो सुरू झाली. व्यापार, स्थलांतर आणि वाहतूक यांच्याबरोबर उंची वाढत गेली, तर तिला पोकळ दिखावा का म्हणावे?

ताळेबंद :

आपण दिलेले लोकसंख्येचे आकडे मला मान्य आहेत. मात्र त्यांतून ४०० मीटरच्या मनोऱ्याची गरज सिद्ध होत नाही. माणसे राहतात ती साधारण ३३ मजल्यांच्या, १०० मीटरच्या जरा आत ठेवलेल्या निवासी इमारतींत. १०० मीटरच्या वर गेले की अग्निसुरक्षेसाठी आश्रय-मजले (आगीच्या वेळी रहिवाशांना थांबता यावे म्हणून मोकळे ठेवलेले मजले) आणि इतर कडक अटी लागू होतात, म्हणून बांधकाम व्यावसायिक नेमके त्या रेषेखाली थांबतात. ह्वाग्वोयुआनमधील गर्दी ही निवासी इमारतींची गर्दी आहे. तिचा दाखला देऊन वित्त केंद्राच्या मनोऱ्याचे समर्थन करणे म्हणजे एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यात दाखवण्यासारखे आहे.

हे मनोरे का उभे राहिले, याचे उत्तर महसुलाच्या व्यवस्थेत आहे. १९९४ च्या करसुधारणेनंतर कराचा मोठा वाटा केंद्राकडे गेला, खर्चाची जबाबदारी मात्र स्थानिक सरकारांकडेच राहिली. शहरी जमीन राज्याच्या मालकीची असल्यामुळे तिचे वापरहक्क विकणे हा नगरपालिकांना उरलेला सर्वांत सोपा मार्ग होता. २०२१ मध्ये चीनमधील स्थानिक सरकारांना जमिनीच्या हक्कविक्रीतून सुमारे ८.७ लाख कोटी युआन मिळाले. २०२४ मध्ये ती रक्कम ४.९ लाख कोटींच्या आसपास आली. या व्यवहारात उंच मनोऱ्याचे काम असे होते की, नव्या भागात एक ठळक इमारत उभी राहिली की भोवतालच्या निवासी जमिनीचा भाव चढतो. म्हणून पालिका विकासकाला किफायतशीर निवासी जमीन देत, आणि त्या बदल्यात तोट्यातला का होईना, एक मनोरा बांधून घेत. विकासकही घरे विकून मनोऱ्याचा खर्च काढत असे. घरे विकली जाईनात तेव्हा हे गणित मोडले.

ग्वीचौपुरते बोलायचे तर, झुनयी शहराच्या मालकीच्या एका बांधकाम कंपनीला सुमारे १५.६ अब्ज युआनच्या कर्जाची मुदत २० वर्षांनी वाढवून घ्यावी लागली, आणि पहिली दहा वर्षे केवळ व्याज भरण्याची सवलत मिळाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये प्रांत सरकारच्याच संशोधन केंद्राने, प्रांतातील स्थानिक सरकारांवरचे कर्ज आपल्या बळावर फेडणे अशक्य आहे, असे लिहिले; तो लेख पुढे संकेतस्थळावरून काढण्यात आला. आणि ग्वीयांगच्या ल्येबियान इमारतीवरचा १०८ मीटरचा कृत्रिम धबधबा तर सर्वांना ठाऊक आहेच. पाणी वर चढवण्यासाठी तासाला सुमारे ८०० युआनची वीज लागत असल्याने तो सणासुदीलाच सुरू केला जाई.

गच्चीकर :

धबधबा एका खाजगी कंपनीच्या इमारतीवर होता, त्याचे वीजबिल शहराच्या माथी मारू नये. नाननिंगचा मनोरा ज्या समूहाने बांधला, तो केंद्र सरकारच्या मालकीचा मोठा उद्योगसमूह आहे. तो बुडीत निघालेला विकासक नव्हे. झुनयीची कंपनीही प्रामुख्याने रस्ते आणि पायाभूत कामे करणारी आहे. ग्वीचौमध्ये कर्जाचा भार आहे हे खरेच, पण त्याचा दोष आकाशरेषेवर ढकलल्याने आपले निदान चुकेल. जमिनीच्या विक्रीतून आलेल्या पैशातूनच मेट्रो, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शाळाही उभ्या राहिल्या, या बाजूचा हिशेबही आपल्या नावाप्रमाणे आपण मांडायला हवा होता.

वाटसरू :

शहरांचे राहू द्या, या विषयातील सर्वांत विलक्षण उदाहरण एका खेड्याचे आहे. ज्यांग्सू प्रांतातील ह्वाशी या गावाने २०११ मध्ये, गावाच्या स्थापनेला ५० वर्षे झाली त्या निमित्ताने, ३२८ मीटर उंचीचे हॉटेल बांधले. ज्यांग्यीन या तालुकावजा शहराच्या हद्दीत, शेते आणि पोलाद कारखाने यांच्या मधोमध तो मनोरा उभा आहे. खर्च सुमारे ३ अब्ज युआन, आणि आत ठेवलेला बैल एक टन सोन्याचा!

हे गाव वू रेनबाओ नावाच्या, कम्युनिस्ट पक्षाच्या गावपातळीवरील सचिवाने घडवले. शेतीवर अवलंबून असलेल्या ह्वाशीत त्यांनी आधी गुपचूप आणि मग उघडपणे कारखाने काढले. पोलाद, कापड आणि पुढे इतर व्यवसाय आले. गावकऱ्यांना कंपनीचे भाग, घर आणि मोटार मिळे. मात्र गाव सोडून जाणाऱ्याला यांतले काहीच नेता येत नसे. बाहेरून आलेल्या हजारो मजुरांना या समृद्धीत मूळ गावकऱ्यांइतका वाटा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. वू २०१३ मध्ये वारले, आणि पोलादाच्या मंदीनंतर गावाच्या समूहावरील कर्जाच्या बातम्या येऊ लागल्या.

ताळेबंद यांची जमीनविक्रीची मांडणी येथे पूर्णपणे लागू होत नाही, म्हणून मी हे लिहिले. ह्वाशीला भोवतालच्या सदनिका विकायच्या नव्हत्या. त्या गावाला ‘आम्ही आलो आहोत’ एवढेच सांगायचे होते, आणि त्यासाठी ३ अब्ज युआन खर्च करण्याची ऐपत तेव्हा तरी त्यांच्यात होती. मला ती इमारत हास्यास्पद वाटते, पण तिच्यामागची भावना वाटत नाही.

कातळखूण :

माझे काम इमारतींच्या संरचनेचे आहे, म्हणून एक मुद्दा तांत्रिक बाजूने मांडतो. साधारण २५० ते ३०० मीटरच्या पुढे वाऱ्याचा जोर हा रचनेतील प्रमुख प्रश्न होतो आणि गाभ्याच्या भिंती, लिफ्टचे मार्ग व यंत्रमजले इतकी जागा खातात की भाड्याने देता येण्याजोगे क्षेत्रफळ घटत जाते. मध्यभागी जमिनीचा भाव अफाट असेल तरच हा तोटा भरून निघतो. ल्यूचौ किंवा चेनच्यांग येथे तसा भाव नाही. त्यामुळे ३०० मीटरचा आकडा ओलांडण्यामागे आर्थिक कारण शोधू नये, ‘तीनशेपार’ म्हणून मिरवता यावे एवढेच ते कारण; नानछांग या ज्यांग्शी प्रांताच्या राजधानीतील जुळे मनोरे आणि ल्यूचौची इमारत हे दोन्ही बरोबर ३०३ मीटरवर थांबतात, यातच सर्व आले.

शिल्परेखा :

उंचीचा हिशेब चालला आहे, पण सौंदर्याविषयी कोणीच बोलत नाही. धाग्याच्या विषयात या इमारतींकडे ‘कसे पाहावे’ असे विचारले आहे, म्हणून शब्दशः पाहण्याबद्दल लिहिते. नानछांगमध्ये गान नदीच्या काठावरील शेकडो इमारतींचे दर्शनी भाग दिव्यांनी एकत्र जोडून रात्री एकच चलतचित्र दाखवले जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे दिपतात, पण तसाच देखावा पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या शहरात दिसतो. त्याच मोजक्या परदेशी वास्तुरचना कंपन्या, तेच निमुळते काचेचे आकार, तीच नदीकाठची रांग. २०१९ च्या अखेरीस केंद्रानेच अशा अतिरेकी रोषणाईला आवर घालण्याचे आदेश दिले. याला अपवाद म्हणून मला चंगचौचा ग्रीनलँड प्लाझा आठवतो. २८० मीटरच्या या गोलाकार इमारतीला तिथले लोक ‘मोठे कणीस’ म्हणतात, आणि चंगचौ ज्यात आहे तो होनान प्रांत शेतीप्रधान असल्यामुळे ते नाव तिला शोभतेही. गच्चीकर, आपण सांगितलेल्या चार मनोऱ्यांची छायाचित्रे नावे झाकून दाखवली, तर कोणता कोणत्या शहरातला हे आपल्याला तरी ओळखता येईल का?

गच्चीकर :

शिल्परेखाताई, नाननिंगचा ओळखता येईल, ल्यूचौचा बहुधा नाही. पण ग्वीयांगची गोष्ट वेगळी आहे. तिथे मनोऱ्यांच्या मागे आणि मध्येही हिरव्या सुळकेदार टेकड्या आहेत, आणि ते दृश्य सपाट मैदानावरच्या चंगचौला मिळणे शक्य नाही. आकाशरेषा एकट्या इमारतीची नसते.

लोअरपरळकर :

आपल्याकडचे एक साम्य सांगतो. मुंबईतील वर्ल्ड वन हा मनोरा मूळ आराखड्यात ४४२ मीटरचा होता. विमानवाहतुकीच्या परवानगीअभावी तो २८० मीटरवर थांबला. वुहानच्या ग्रीनलँड सेंटरचेही तसेच झाले, ६३६ मीटरचा मनोरा हवाई मर्यादेमुळे सुमारे ४७६ मीटरवर आणावा लागला. फरक एवढाच की मुंबईत उंची ही खाजगी विकासकाची हौस असते, पालिकेचे धोरण नसते. त्यामुळे ‘चीनमध्ये नियोजन असते, आपल्याकडे नसते’ असे कोणी म्हणाले की मला प्रश्न पडतो, की वुहानमध्ये पाया घालण्यापूर्वी विमानतळाला कोणी विचारले नव्हते काय?

ताळेबंद :

चीनच्या सरकारनेच या वादावर निकाल दिला आहे, असे मी म्हणेन. २०२० मध्ये ५०० मीटरवरील इमारतींना सर्वसाधारणपणे मनाई झाली. ऑक्टोबर २०२१ च्या नियमानुसार ज्या शहराची नागरी लोकसंख्या ३० लाखांहून कमी आहे, तेथे १५० मीटरवरील इमारतींवर कडक निर्बंध आले आणि २५० मीटरवर बंदीच आली. नियम मोडून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यावर आयुष्यभर जबाबदारी राहील, अशी तरतूदही झाली. तालुक्याच्या गावांत नवी घरे मुख्यतः सहा मजल्यांची असावीत आणि १८ मजल्यांवर जाऊ नयेत, असेही सांगण्यात आले. ल्यूचौ, चेनच्यांग आणि ह्वाशी यांच्या या इमारती आज बांधायला काढल्या, तर तिन्हींना परवानगी मिळणार नाही. ज्या व्यवस्थेने त्या उभारल्या तिनेच त्या अनावश्यक ठरवल्या असताना आपण त्यांची वकिली का करावी?

गच्चीकर :

पुढे बंदी आली म्हणून आधीचे सर्व व्यर्थ होते, असे ठरत नाही. तो नियम २५० मीटर या एकाच रेषेने चेनच्यांग आणि वाळवंटातले एखादे नवे शहर यांना सारखेच मोजतो. शिवाय खरी हानी उंचीने झालेली नाही, अर्धवट राहिल्याने झाली आहे. त्यानजिनचा ५९७ मीटरचा गोल्डिन फायनान्स ११७ हा मनोरा २०१५ मध्ये पूर्ण उंचीला पोहोचला आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे तसाच पडून राहिला; २०२५ मध्ये काम पुन्हा सुरू होणार असे जाहीर झाले. कुनमिंगमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये डझनाहून अधिक अर्धवट निवासी इमारती एकाच वेळी सुरुंग लावून पाडल्या. त्या काही ४०० मीटरच्या नव्हत्या.

कातळखूण :

पूर्ण झालेल्या इमारतींचा प्रश्न संपला असे गृहीत धरून दोघेही बोलत आहात. काचेच्या दर्शनी भागाचे सांधे दोन-अडीच दशकांत बदलावे लागतात, लिफ्टचेही तेच. चीनमध्ये व्यापारी जमिनीचा हक्क ४० वर्षांचा असतो, म्हणजे पहिली मोठी दुरुस्ती येईपर्यंत निम्म्याहून अधिक मुदत सरलेली असेल. एकाच मालकाचा मनोरा असेल, तर तो खर्च करील. मजले सुटे करून शेकडो जणांना विकलेल्या इमारतींत तो वसूल कोणाकडून करायचा? शेनझेनची एसईजी प्लाझा ही लहान लहान गाळ्यांची इमारत मे २०२१ मध्ये हादरू लागली तेव्हा सर्वांना बाहेर पडावे लागले. दोष छतावरच्या डोलकाठीत सापडला, ती काढली, आणि सप्टेंबरमध्ये बाजार पुन्हा उघडला. तिथे पैसा होता, गिऱ्हाईक होते आणि शहराला घाई होती. ल्यूचौच्या एखाद्या मनोऱ्यावर अशी वेळ २०३५ च्या सुमारास आली, तर दुरुस्तीचे बिल कोणाच्या नावाने फाडायचे हे गच्चीकरांनी सांगावे. ताळेबंद यांचे उत्तर काय असेल, ते मला आधीच ठाऊक आहे.