लग्न न जमणारे शेतकरी तरुण: प्रबंधासाठी पुरुषत्व मोजायचं कसं?

प्रश्न (समाजशास्त्र_एमए)
सोलापूर जिल्ह्यातल्या दोन गावांतले २५ ते ३५ वयाचे अविवाहित शेतकरी घेतेय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर तरुणांनी बाशिंग बांधून मोर्चा काढला, विषय तिथून सुचला. ‘जेम’ मापनपट्टी (स्त्री-पुरुष समानतेबद्दल पुरुषांची मतं मोजणारी विधानांची यादी) मराठीत आणून ६० जणांकडून भरून घ्यायची आणि निष्कर्ष एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) मधल्या जिल्ह्याच्या आकड्यांशी ताडायचे, असा आराखडा आहे. चालेल का?

उत्तर १ (सांख्यिकी_विभाग)
जिल्ह्याशी तुलना आधी काढून टाका. एनएफएचएस-५ मध्ये पुरुषांची मुलाखत फक्त १५ टक्के घरांच्या उपनमुन्यात झाली, वयोगट १५ ते ५४. तो नमुना राज्यापुरता आहे. जिल्ह्याला इतके कमी पुरुष येतात की टक्केवारीला अर्थ उरत नाही. बायकोला मारणं योग्य वाटतं का, हे सात कारणं देऊन विचारलेलं आहे. ते सात प्रश्न जसेच्या तसे घ्या आणि राज्याच्या आकड्यांतून फक्त याच वयाचे, ग्रामीण, अविवाहित पुरुष वेगळे काढा.

‘जेम’ पट्टी रिओ दी जानेरोतल्या तरुणांवर तयार झाली, मूळ २४ विधानं. त्यातली बरीच बायको किंवा जोडीदाराबद्दल आहेत. तुमच्या नमुन्यात बायकोच नाही, त्यामुळे ‘सहमत’ म्हणजे निव्वळ कल्पना! शिवाय विचारणारी मुलगी असली की शोभेल तेच उत्तर मिळतं. निम्मे फॉर्म पुरुष सहकाऱ्याकडून भरून घ्या आणि दोन्ही गठ्ठे वेगळे तपासा.

उत्तर २ (वेळेचा_हिशेब)
मत विचारण्यापेक्षा काल काय केलं ते विचारा. राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाची पद्धत सरळ आहे: आदल्या दिवशी पहाटे ४ पासून २४ तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. धार काढली, पाणी धरलं, आईला दवाखान्यात नेलं, ताट उचललं, सगळं नोंदवा. ताट कुणी उचललं हेही विचारा, तिथे माणसं अडखळतात.

२०१९ चा आकडा वापरताना जपा. घरकामाला पुरुष ९७ मिनिटं देतात असं सर्रास छापतात, पण ती सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच, आणि ते होते २६.१ टक्के. सगळ्या पुरुषांवर वाटली तर जेमतेम २५ मिनिटं. बायकांचं हेच गणित २९९ मिनिटं आणि ८१.२ टक्के.

उत्तर ३ (गावगाडा)
दोन एकर कोरडवाहू आणि दहा एकर बागायत यांना एका सरासरीत कोंबू नका. समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांनी १९९५ मध्ये पुरुषत्वं अनेक असतात आणि त्यांच्यातही उतरंड असते हे मांडलं. इथे ती उतरंड जमीन, जात आणि पगाराची नोकरी ठरवते. गटचर्चा ६-८ जणांची, जमीनधारणेनुसार वेगळी ठेवा. एकत्र बसवलं तर मोठा बागायतदार बोलतो, बाकीचे माना डोलावतात.

‘मुलीच कमी’ हे कारण लिहिताना महाराष्ट्राचं २०११ चं ८९४ हे बाल लिंगगुणोत्तर (सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली) देऊ नका. ती मुलं अजून पंचविशीला पोचलेली नाहीत. तुमच्या नमुन्यातल्या धाकट्यांसाठी २००१ चं ९१३ बघा. आणि त्याच गावांतल्या लग्नाच्या मुलींशी बोला. शेतकरी नवरा का नको, हे त्याच नेमकं सांगतील.