छोट्या ट्रायमरानवर इलेक्ट्रिक आउटबोर्ड, पॉवर आणि रेंज कशी तपासायची?

शीडवाला:
मंडळी, माझी १८ फुटी ट्रायमरान (तीन हलची, म्हणजे तीन बुडांची शिडाची बोट) आहे, तिचं पेट्रोल आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायचं इंजिन) काढून १००० वॅटची इलेक्ट्रिक मोटर लावलीये, बॅटरी ९१५ वॅट-अवर. वारा पडला की परत यायचं एवढंच काम. पण माहितीपत्रकातली रेंज एखाद्या हलक्या डिंगीची, तीही गोगलगायीच्या चालीने, त्यावर भरवसा कसा ठेवू? फुल थ्रॉटलला बॅटरी संपेपर्यंत चालवून बघू का? जाणकारांनी सांगा.

ओहोटी:
संपेपर्यंत कशाला, वल्हवत यायचंय का :) वारा नसलेली सकाळ बघा, शिडं उतरवा, बोटीत नेहमीचीच माणसं नि सामान असू द्या आणि डिस्प्लेवर २००, ४००, ६०० असे वॅट धरत जा. स्पीड स्थिर झाला की जीपीएसचा आकडा लिहायचा, मग त्याच रेषेवर उलटं येऊन परत लिहायचा आणि दोन्ही स्पीडची सरासरी काढायची. एकूण अंतर भागिले एकूण वेळ असं करू नका हां, तिथे बरेच जण फसतात. बोट ४ नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), प्रवाह १ नॉटचा, तर जाताना ५ येताना ३, सरासरी बरोबर ४. पण एकेक मैल जाऊन येऊन वेळ लावलात तर ३२ मिनिटं, म्हणजे ३.७५ नॉट.

तिसरा_हल:
+१. पुढचा हिशोब असा, वॅट भागिले नॉट म्हणजे एका सागरी मैलाला लागणारे वॅट-अवर. समजा ४०० वॅटला ३.५ नॉट मिळाले तर मैलाला ११४, बॅटरीतले २०% राखून ७३२ हाताशी, म्हणजे ६.४ मैल. तीच बोट १००० वॅटला ४.५ नॉट गेली तर जेमतेम ३.३ मैल. एका नॉटसाठी निम्मी रेंज गेली की! आपले हल अरुंद म्हणून एकाच हलच्या बोटीसारखी (मोनोहल) वेगाची भिंत आड येत नाही, पण पॉवर साधारण वेगाच्या घनाने वाढते, त्यातून सुटका नाही.

शीडवाला:
हे भारीये. आणि जेट्टीला बांधून ताणकाट्यावर खेच मोजली तर?

ओहोटी:
दोन पंख्यांची (प्रोपेलरची) तुलना करायला ठीक, पण ती उभ्या बोटीची खेच, रेंज त्यावरून नाही कळत.

तिसरा_हल:
खरी परीक्षा समोरच्या वाऱ्यात. बोट वजनाला हलकी, त्यात डोलकाठी, आडवे बीम, जाळी, सगळंच वारा अडवतं, त्यामुळे शांत पाण्यातला तक्ता तिथे कामाचा नाही. वारा चांगला असेल तेव्हा तेच वॅट धरून थेट वाऱ्यावर जा आणि वेगळा तक्ता करा. लाटेत पंखा हवा ओढतो का तेही बघा, मोटर एकदम किंचाळते आणि वॅट धपकन पडतात. तसं झालं तर पुढे बसलेल्या माणसाला आधी मागे बोलवा, तरी थांबलं नाही तर मोटरचं ब्रॅकेट खाली घ्या नाहीतर लांब दांड्याची मोटर (लाँग शाफ्ट) बघा. परतीचं अंतर ठरवताना हाच दुसरा तक्ता धरा.