फॉरमॅटची घाई नको, आधी हिशेब बाहेर काढा

कॉम्प्युटर सुरू करताना ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो, या तुमच्या प्रश्नावर ‘विंडोज नव्याने टाका आणि मोकळे व्हा’ असं दोघांनी सुचवलंय, पण कृपया इतक्यात तसं करू नका. वडिलांचे द्राक्षबागेचे फवारणीचे आणि मजुरीचे हिशेब त्याच डिस्कवर आहेत आणि दुसरी प्रत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.

‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणजे डिस्क गेलीच असं नसतं. आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. नाणंभर आकाराचा, ३ व्होल्टचा सीआर२०३२. मेनरोडला घड्याळवाल्याकडेही मिळेल. हा सेल उतरला की सेटिंग मूळपदावर जातात, सुरू होण्याची पद्धत नव्या यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर जाते किंवा डिस्कशी बोलण्याची पद्धत (साटा मोड) बदलते, आणि धडधाकट विंडोजसुद्धा उठत नाही. नाशिकरोडच्या एका नातेवाइकांना दुकानदाराने थेट नवी डिस्क घ्यायला सांगितलं होतं. निघाला फक्त सेल!

बायोसमध्ये डिस्कचं नावच दिसत नसेल तर विजेची वायर काढून डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांना पुन्हा घट्ट बसवा. दिसत असेल तर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक मोफत सिस्टिम) पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता चालवा आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. मगच स्टार्टअप रिपेअर, म्हणजे विंडोजची स्वतःची दुरुस्तीची सोय, चालवा.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र पुन्हा चालू करूच नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.