इन्स्पिरेशन म्हणजे दर वेळी ‘प्रेरणा’च का? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

शब्दमुळे

इंग्रजी मजकुरात इन्स्पिरेशन दिसलं की ‘प्रेरणा’ लिहून मोकळं व्हायची सवय आपल्याला लागली आहे. कवीला प्रेरणा, उद्योजकाला प्रेरणा, दिवाणखान्याच्या रंगसंगतीला प्रेरणा. माझं स्पष्ट मत आहे की निर्मितीबद्दल बोलत असू तर हा शब्द चुकतो. तिथे ‘स्फूर्ती’ हवी.

कारण धातूतच आहे. प्रेरणा ‘प्र + ईर्’ वरून आली. पुढे ढकलणं, कामाला लावणं. ढकलणारा वेगळा, ढकलला जाणारा वेगळा. मराठीत ज्याला प्रयोजक क्रियापद म्हणतात त्याला हिंदी व्याकरणात ‘प्रेरणार्थक क्रिया’ हे नाव आहे, ते याच अर्थानं. स्फूर्ती ‘स्फुर्’ वरून आली. थरथरणं, लखलखणं, एकाएकी प्रकट होणं. बाहू स्फुरतात तो हाच धातू.

आता वाक्याची ठेवण बघा. ‘मला ओळ स्फुरली.’ इथे कर्ता ओळ आहे, आणि माणूस चतुर्थीत बाजूला उभा आहे. सुचणं, आठवणं, कळणं यांच्याच पंगतीतलं हे क्रियापद. इंग्रजीला त्यासाठी ‘इन्स्पायर्ड’ हे कर्मणी रूप वापरावं लागतं, मराठीत ते क्रियापदाच्या स्वभावातच आहे.

एक सोपी चाचणी देतो. ‘काय स्फुरलं?’ याचं उत्तर एखादी वस्तू असते: ओळ, चाल, कल्पना. ‘कशाची प्रेरणा मिळाली?’ याचं उत्तर क्रिया असते: लिहायची, लढायची, शिकायची. मूळ वाक्यात यांपैकी काय आहे ते आधी ठरवा, मग शब्द निवडा.

उंबरठा

असहमत. व्युत्पत्ती गोड असली तरी वापर तिच्यावरून ठरत नाही, आणि इथे तर व्युत्पत्तीही तुमच्या विरुद्ध जाते.

लॅटिनमध्ये ‘इन्स्पिरारे’ म्हणजे आत श्वास भरणं, आत फुंकणं. यातला ‘इन’ महत्त्वाचा. फुंकणारा बाहेर आहे. इंग्रजीत हा शब्द आला तोही धर्माच्या वाटेनं: ग्रंथ लिहिणाऱ्याच्या ठायी ईश्वरानं केलेला संचार, हा त्याचा जुना अर्थ. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (3:16) मूळ ग्रीक शब्द आहे ‘थिओप्न्युस्टॉस’, म्हणजे देवानं ज्यात श्वास घातला ते. लॅटिन बायबलनं त्याला ‘इन्स्पिराता’ केलं, 1611 च्या किंग जेम्स बायबलनं ‘इन्स्पिरेशन’ केलं, आणि मराठी बायबलमध्ये शब्द आहे ‘परमेश्वरप्रेरित’. ‘परमेश्वरस्फूर्त’ असं कोणी केलं नाही, ते योग्यच झालं.

उलट स्फूर्तीचे मराठीतले जोडशब्द पाहा. स्वयंस्फूर्त, उत्स्फूर्त. दोन्हींचा अर्थ आपणहून, कोणी न सांगता. म्हणजे इन्स्पिरेशनच्या नेमकं उलट. शिवाय आज ‘स्फूर्ती’ म्हटलं की ऐकणाऱ्याला तरतरी आठवते. सकाळी फिरून आल्यावर येते ती. ‘चित्रकाराला स्फूर्ती आली’ हे वाक्य वाचून काहींना त्यानं चहा घेतला असंच वाटेल.

शब्दमुळे

@उंबरठा, बायबलचा मुद्दा मान्य. धर्मग्रंथाच्या संदर्भात ‘प्रेरित’ हाच शब्द ठेवावा, तिथे फुंकणारा ठाऊक आहे. पण ‘स्वयंस्फूर्त’ माझ्या विरुद्ध जात नाही. स्फुरणं मुळातच आपणहून असतं तर ‘स्वयं’ जोडावं का लागलं असतं?

तुकोबा म्हणतात, ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत’, आणि पुढे साळुंकीचा दाखला देतात: वाणी तिची, शिकवणारा धनी वेगळा. हे खरं इन्स्पिरेशन. त्याला ‘प्रेरणादायी’ म्हटलं तर ते व्याख्यानाच्या फलकावरचं विशेषण होऊन बसतं. माझी तक्रार तीच आहे. ‘प्रेरणा’ वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे.

आणि या जागी कृपया ‘प्रतिभा’ही नको. काही अनुवादांत ती सर्रास दिसते. प्रतिभा ही अंगची शक्ती. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं काव्याची कारणं मोजली ती शक्ती, निपुणता आणि अभ्यास. त्यातली शक्ती म्हणजे प्रतिभा. ती असते किंवा नसते. इन्स्पिरेशन ही घटना आहे, येते आणि जाते. एडिसनच्या नावावर सांगतात ते ‘जीनियस म्हणजे एक टक्का इन्स्पिरेशन आणि नव्याण्णव टक्के घाम’ हे वाक्य मराठीत आणताना ‘एक टक्का प्रतिभा’ लिहिलं की अर्थच बदलतो.

गावकूस

दोघांनीही एक शब्द सोडला. मराठीला लॅटिनची उपमा उसनी आणायची गरज नाही, ती आपल्याकडे आहे. अंगात वारं येतं. देवीचं वारं, खंडोबाचं वारं. बाहेरची हवा अंगात शिरते आणि मग जे बोललं जातं ते त्या माणसाचं नसतं. ‘आत श्वास भरणं’ याच्या इतकं जवळ कुठलंच संस्कृत रूप जात नाही. बोलीभाषेत ‘वारं संचारल्यागत काम केलं’ हे रोज कानावर पडतं. ‘ही रोट इन अ बर्स्ट ऑफ इन्स्पिरेशन’ याला ‘वारं भरल्यासारखं लिहून काढलं’ हे कधीही सरस.

हुरूप, उमेद, उभारी, ध्यास, झपाटणं हेही शब्द आहेतच. ‘ही इज माय इन्स्पिरेशन’ याचं ‘तो माझी प्रेरणा आहे’ करण्यापेक्षा ‘त्यांच्याकडे पाहून मी या कामात पडले’ हे मराठी आहे.

उंबरठा

वारं सुंदर आहे, पण सगळीकडे चालणार नाही. कंपनीच्या वार्षिक अहवालात अध्यक्षांच्या अंगात वारं आणता येणार नाही.

पाटीपेन्सिल

मानसशास्त्राच्या बाजूनं एक अडचण मांडते. मराठी पाठ्यपुस्तकांत मोटिव्हेशनला ‘प्रेरणा’ किंवा ‘अभिप्रेरणा’ म्हणतात, आणि इन्स्टिंक्टला ‘सहजप्रेरणा’. म्हणजे ‘प्रेरणा’ ही जागा आधीच भरलेली आहे. एकाच वाक्यात मोटिव्हेशन आणि इन्स्पिरेशन दोन्ही आले की अनुवादक अडकतो, आणि मग एकाला ‘प्रेरणा’, दुसऱ्याला ‘प्रोत्साहन’ करून सुटका करून घेतो. ती चूक आहे. प्रोत्साहन दुसरा देतो, बक्षिसानं किंवा शाबासकीनं. ते इन्सेंटिव्हच्या आणि एन्करेजमेंटच्या जवळ जातं.

अशा ठिकाणी मोटिव्हेशनला ‘प्रेरणा’ राहू द्यावी आणि इन्स्पिरेशनसाठी वाक्य फोडून ‘हुरूप येणं’, ‘सुचणं’, ‘स्फुरणं’ असं क्रियापद घ्यावं. नामाला नामच हवं हा हट्ट सोडला की निम्मं काम होतं. एवढ्यापुरती मी शब्दमुळे यांच्या बाजूची.

लिहिताना एक सांभाळा: एकटा शब्द ‘स्फूर्ती’ दीर्घ, पण समासात ऱ्हस्व. स्फूर्तिदायक, स्फूर्तिस्थान. ‘स्फूर्तीदायक’ चूक.

रीळ

चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘इन्स्पायर्ड बाय’ आणि ‘बेस्ड ऑन’ यांतला फरक पैशाचा असतो, म्हणून तिथे ढिलाई नको. ‘आधारित’ किंवा ‘बेतलेला’ म्हणजे मूळ कृतीतून कथा, पात्रं, प्रसंग घेतले. त्यासाठी सहसा हक्क विकत घ्यावे लागतात. ‘प्रेरित’ म्हणजे केवळ कल्पनेचं बीज घेतलं. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, हे सांगितलं. पण नुसतं ‘प्रेरित’ लिहिल्यानं प्रसंगामागून प्रसंग उचलल्याचा दोष जात नाही. इथे ‘स्फूर्त’ चालणारच नाही. ‘सत्यघटनेवरून सुचलेली कथा’ हे मराठीला जास्त शोभतं.

श्वासपटल

मी वैद्यकीय बाजूचं लिहितो, कारण तिथे चुकीच्या शब्दामुळे रुग्णाचं नुकसान होतं. वैद्यकात इन्स्पिरेशन म्हणजे श्वास आत घेणं, बस्स. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) आकुंचन पावून खाली सपाट होतं, फासळ्या वर-बाहेर सरकतात, छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत येते. शांत बसलेल्या प्रौढाच्या एका श्वासात सुमारे 500 मिली.

एक्स-रेच्या अहवालात ‘पुअर इन्स्पिरेशन’ असतं. अनुवाद करणाऱ्या यंत्रानं त्याचं ‘कमकुवत प्रेरणा’ केलं तर वाचणाऱ्याला रुग्ण उदास आहे असं वाटेल. अर्थ एवढाच की फोटो काढताना श्वास पूर्ण भरला नव्हता. नीट भरलेल्या छातीत श्वासपटलाच्या वर पाठीकडच्या 9 ते 10 फासळ्या मोजता येतात. त्याहून कमी दिसल्या तर हृदय आहे त्यापेक्षा रुंद दिसतं, फुप्फुसांचा तळ धुरकट दिसतो, आणि नसलेला न्यूमोनिया शंकेत येतो. म्हणून तंत्रज्ञाची सूचना अशीच हवी: ‘श्वास पूर्ण आत भरा. रोखा.’

दुसरा सापळा हिंदीचा. हिंदी पाठ्यपुस्तकांत इन्स्पिरेशन म्हणजे ‘अंतःश्वसन’. मराठीत मात्र ‘अंतःश्वसन’ हे रक्त आणि ऊतींमधल्या वायूंच्या देवाणघेवाणीला, म्हणजे इंटर्नल रेस्पिरेशनला वापरतात. हिंदी पत्रक समोर ठेवून मराठी केलं की हा घोळ हमखास होतो.

उंबरठा

@श्वासपटल, इथे वाद नाही. पण मग नाम कोणतं घ्यायचं? ‘श्वास’ म्हटलं तर आतला की बाहेरचा ते कळत नाही. ‘पूरक’ (प्राणायामात श्वास आत घेणं) हा शब्द योगाबाहेर कोणाला समजत नाही.

श्वासपटल

विद्यार्थ्यांच्या पुस्तकात ‘श्वास’ आणि ‘उच्छ्वास’ ही जोडी एकत्र आली तर पुरते. रुग्णाच्या पत्रकात नाम घेऊच नका, क्रियापद घ्या. शस्त्रक्रियेनंतर श्वासाच्या व्यायामासाठी देतात त्या तीन चेंडूंच्या यंत्राचं उदाहरण पाहा. त्यावर 600, 900, 1200 असे आकडे असतात, सेकंदाला इतके मिली हवा ओढली की तो तो चेंडू वर जातो. पत्रकात ‘यंत्रातून श्वास घ्या व सोडा’ एवढंच लिहिलं की बहुतेक जण फुंकतात, कारण नळी तोंडात धरली की फुंकायची असंच डोक्यात असतं. यंत्र सरळ धरून फुंकलं तर चेंडू जागचे हलत नाहीत आणि फुप्फुसाचा तळ बंदच राहतो.

असं लिहा: ‘आधी श्वास बाहेर सोडा. ओठ नळीभोवती घट्ट मिटा. सरबत स्ट्रॉनं ओढतो तसा हळूहळू श्वास आत ओढा. चेंडू वर गेला की 2-3 सेकंद रोखा. नळी तोंडातून काढून सोडा. फुंकू नका.’ जागेपणी दर तासाला साधारण 10 वेळा.

इनहेलरचंही तेच. फवाऱ्याच्या इनहेलरला ‘सावकाश, खोल ओढा’. भुकटीच्या इनहेलरला ‘जोरानं, एकदम ओढा’. दोन्हींतल्या श्वास ओढण्याला वैद्यकात शब्द एकच, इन्स्पिरेशन. मराठीत मात्र दोघांची क्रियाविशेषणं लिहावीच लागतात, नाहीतर पहिल्याचं औषध घशावर आपटतं आणि दुसऱ्याचं यंत्रातच राहतं.

शब्दमुळे

हे वाचून पहिल्या पोस्टमधल्या चाचणीत आणखी एक प्रश्न घालतो, आणि तो सगळ्यात आधी विचारायचा: ‘वाक्यात फुप्फुस आहे का?’ असेल तर ‘श्वास आत घेणं’. नसेल तर ‘काय स्फुरलं की काय करायची प्रेरणा मिळाली’ हा वाद उंबरठा यांच्याशी चालू ठेवायला मी तयार आहे. ‘उत्स्फूर्त’बद्दलचं त्यांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही.