परांड्याहून पुण्यात इंजिनिअरिंगला येतेय, आधी काय काय करून ठेवू?

भिंगरी
नमस्कार, इथे बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) पुण्यात कॉम्प्युटरला सीट फ्रीज म्हणजे पक्की झालीय, कॉलेज कर्वेनगरच्या बाजूला आहे. घर परांड्याला, बारावी बार्शीत झाली. कॉलेजच्या होस्टेलला वेटिंगवर आहे आणि ते काही लागेल असं वाटत नाही.

घरात सध्या सगळ्यांच्या याद्या चालू आहेत. आईची यादी म्हणजे शेंगाची चटणी, कडक भाकरी, गाद्या-उशा, एक छोटा गॅस. मामाची यादी म्हणजे लॅपटॉप आणि स्कूटी. आणि पप्पा म्हणतात एकदाच गाडी करून जाऊ, सगळं एका दिवसात घेऊन टाकू. मला मात्र नक्की आधी काय लागतं तेच कळेना. रूम बघायला गेल्यावर काय विचारायचं, मेस लावायची का स्वतः करायचं, लॅपटॉप आत्ताच घ्यायचा का. आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त टेन्शन इंग्लिशचं आहे. पेपरात मार्क पडतात पण बोलायची वेळ आली की ततपप होतं. आईला रॅगिंगची भीती आहे ते वेगळंच. कोणी नीट सांगेल का प्लीज.

नळस्टॉप
अभिनंदन गं! सामान राहू दे, आधी कागद. तहसील तिकडे आणि तू इकडे, मग एका दाखल्यासाठी पप्पांच्या चकरा चालू होतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, कास्ट व्हॅलिडिटी, डोमिसाइल, यातलं तुला जे लागू आहे ते हातात घेऊनच निघ. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा आहे की घरात असं म्हणू नका. टीसी कॉलेज ओरिजिनलच ठेवून घेतं, द्यायच्या आधी स्कॅन करून मेलवर टाक आणि झेरॉक्स काढून ठेव. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का तेही आत्ताच बघ, नाहीतर डिजिलॉकर, एबीसी आयडी (कॉलेजचे क्रेडिट जमा होतात तो ऑनलाइन नंबर) सगळीकडे तेच नडतं.

फीचं माहीत आहे ना? 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मधल्या मुलींना घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बाकीच्या फिया माफ नाहीत, त्यामुळे फी शून्य म्हणून गावभर पेढे वाटू नका :) आणि हे आपोआप होत नाही, महाडीबीटीवर (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म भरायचा आणि दर वर्षी रिन्यू करायचा.

आता खरा घोळ कुठे होतो ते नीट वाच. खात्यात येणारे सरकारी पैसे अकाउंट नंबर बघून येत नाहीत, आधारला जी बँक लिंक असेल तिथे जातात, आणि लिंक एका वेळी एकाच बँकेची असते. पोरं पुण्यात आली की कॉलेजजवळ नवीन खातं काढतात, फॉर्मवर आधार सीडिंगच्या चौकोनात टिक करतात आणि विसरून जातात, मग पैसे जातात नव्या खात्यात आणि घरचे गावाकडच्या बँकेत पासबुक भरत बसतात. किंवा उलटं, लिंक असतं ते शाळेतलं झिरो बॅलन्सचं खातं, जे कधीच बंद पडलंय. आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, त्याला आधारला जोडलेला मोबाइल चालू लागतो. परांड्यात बसून पाच मिनिटांचं काम आहे, पुण्यात येऊन कळलं तर अर्धं सेमिस्टर त्यातच.

चतकोर
वरचं सगळं बरोबर. मी रूमबद्दल लिहिते, इंजिनिअरिंगची सगळी वर्षं कर्वेनगरलाच काढलीत.

भिंगरी, तिकडे पोस्टर दिसतील "मुलींसाठी कॉट बेसिसवर रूम". म्हणजे तुला खोली नाही, खोलीतली एक कॉट मिळते, कपाट अर्धं. वाईट काही नाही त्यात, पहिल्या वर्षाला उलट बरं, एकटं पडत नाही. पण बघायला जाशील तेव्हा दुपारी नको जाऊस, संध्याकाळी सातनंतर जा. तेव्हा मुली रूमवर असतात, मालकीणबाई जिन्यात नसल्या तर मुलींना विचार, बाथरूम कितीजणींत आहे, गीझर किती वाजेपर्यंत, गुरुवारी पाणी बंद असतं तेव्हा टाकीचं पुरतं का टँकर येतो. लाइट बिल भाड्यात का वेगळं. गेट किती वाजता बंद होतं आणि प्रॅक्टिकल किंवा प्रोजेक्टमुळे उशीर झाला तर फोनवर चालतं का. आई आली तर एक रात्र राहू देतात का, हे मात्र मालकांनाच विचारायचं, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे घेतात.

डिपॉझिट दिलं की पावती. पावती नाही म्हणाले तर कॅश देऊ नका, ऑनलाइन पाठवा म्हणजे कुठेतरी नोंद राहते. सोडताना रंगाचे पैसे कापणार का हे आधीच विचार, माझे कापले होते आणि भिंतीला मी खिळासुद्धा मारला नव्हता. आणि अकरा महिन्यांचा करार होणार असेल तर वाचून सही करा, लॉक-इन (किती महिने रूम सोडता येत नाही) कितीचं आहे बघा, होस्टेलची वेटिंग लिस्ट पुढे सरकली तर तुला मधेच सोडावं लागेल.

गाद्या-उशा गाडीत घालून आणू नका, बऱ्याच ठिकाणी गादी असते. बादली, मग, हँगर, दोरी, चिमटे हे सगळं इथे आल्यावर, एक चक्कर तुळशीबागेत. घासाघीस आईला करू दे. गॅस तर विसराच, कॉट बेसिसवर कोणी ठेवू देत नाही, इंडक्शनलाही नाकं मुरडतात.

कांदेपोहे
शेंगाची चटणी मात्र आणाच. मेसची भाजी कशीही असली तरी त्यावर निभतं. रूममेट पण लगेच मैत्रिणी होतात, डबा उघडायचा अवकाश.

हिंगणेकर
मुली, कर्वेनगर म्हणजे आमचं जुनं हिंगणे. अण्णासाहेब कर्व्यांनी 1900 साली इथल्या माळावर झोपडी बांधून आश्रम हलवला, तेव्हा इथे यायला धड रस्ताही नव्हता, आणि आज त्याच भागात महाराष्ट्रभरातून मुली शिकायला येतात. तेव्हा आईला म्हणावं काळजी नको, या वस्तीला मुलींच्या शिक्षणाची शंभराहून जास्त वर्षांची सवय आहे. (आमच्या सोसायटीतल्या काही लोकांना अजून झालेली नाही, ते सोडा.)

स्कूटी पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर खोली घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. वारज्याकडून डेक्कनला जाणारा रस्ता सकाळी आणि संध्याकाळी कसा असतो ते एकदा डोळ्यांनी बघा म्हणजे स्कूटीचा विषय आपोआप मिटेल. पीएमपीचा (पुण्याच्या सिटी बसचा) विद्यार्थी पास निघतो, त्याला कॉलेजचं बोनाफाइड (विद्यार्थी असल्याचा दाखला) लागतं, तेव्हा बोनाफाइड एकदम दोन-तीन मागून ठेवा. मेट्रो नळस्टॉपला मिळते, सिव्हिल कोर्टला बदलून थेट स्वारगेट, सणाला घरी निघताना बॅग घेऊन बसमध्ये लोंबकळण्यापेक्षा तेच बरं. तुमच्याकडच्या गाड्या सोलापूर रोडने स्वारगेटलाच येतात. एखादी शिवाजीनगरची मिळाली तर लक्षात ठेवा, मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचं एसटी स्टँड वाकडेवाडीला हललं, रात्री जुन्या जागी उभी राहून गाडीची वाट बघू नका. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

उदगीरकर
भिंगरी, तुझा इंग्लिशचा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला म्हणून मी लिहितो. मी सध्या टीईला म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे, उदगीरचा. पहिल्या आठवड्यात वर्गात जे फाडफाड बोलतात ना, ते बोलतात म्हणून त्यांना सगळं येतं असं वाटतं, पहिल्या युनिट टेस्टनंतर तसं वाटायचं बंद होतं. निम्मा वर्ग तुझ्यासारखाच असतो, फक्त सगळे गप्प बसलेले असतात त्यामुळे कळत नाही. मास्तर लोक शिकवताना इंग्लिश, समजावताना मराठी नाहीतर हिंदी, कँटीनला तर मराठीच.

खरं अडतं ते ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला. तिथे उत्तर येत असून तोंड बंद पडतं. त्याला माझा उपाय सांगतो: जर्नल लिहिताना प्रत्येक प्रॅक्टिकलचं एम (उद्देश) आणि कन्क्लुजन रूमवर मोठ्याने वाचायचं, आणि मग वही मिटून तेच आपल्या तीन वाक्यांत म्हणायचं, तुटकं चालेल. ओरलला ऐंशी टक्के तेच विचारतात. अगदीच अडलं तर "सर मराठीत सांगू का" विचार, बहुतेक जण सांग म्हणतात, एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) खडूस असेल तर नाही म्हणेल, त्याने काही जीव जात नाही. ते स्पोकन इंग्लिशचे क्लास वगैरे आत्ता लावू नको, फीचे पैसे मेसला घाल.

प्रोग्रामिंग पहिल्याच वर्षी येतं. लॅपटॉप आत्ता नको. लॅबमधे मशीन असतात, पहिलं सेमिस्टर निघतं. सीनियरना विचारून दिवाळीनंतर घे, तोपर्यंत काय लागतं ते तुलाच कळेल. ग्राफिक्सचं (इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं) सामानही सीनियरकडून मिळतं, पुस्तकं अप्पा बळवंत चौकात सेकंड हँड, वापरून झाली की तिथेच परत विकता येतात. आणि आधी एक बघ, तुझं कॉलेज ऑटोनॉमस आहे की परीक्षा विद्यापीठाची. ऑटोनॉमस असेल तर सिलॅबस त्यांचा, मग चौकातली विद्यापीठाच्या पॅटर्नची पुस्तकं बघून उड्या मारायच्या नाहीत.

नळस्टॉप
@उदगीरकर लॅपटॉपचं नाही पटलं. मेकॅनिकल-सिव्हिलला ठीक आहे, कॉम्प्युटरच्या मुलीला लॅबच्या दोन तासांवर कोडिंग कसं येणार? ज्यांच्याकडे घरी मशीन आहे ते रात्री प्रॅक्टिस करतात, हिने काय वहीत कोड लिहायचा? भारीतला नको, साधा घ्या पण घ्या.

उदगीरकर
वहीत लिहिलेला कोड परीक्षेत वहीतच लिहावा लागतो दादा :D असो. माझं म्हणणं एवढंच की पप्पांना एका दिवसात गाडी करून लॅपटॉप घ्यायला लावू नका, दुकानदार गेमिंगचा गळ्यात मारतो आणि तो रोज पाठीवर घेऊन फिरताना खांदे जातात. महिनाभर थांबून साधा घेतला तर माझी काही हरकत नाही.

नळस्टॉप
महिनाभर चालेल. मान्य.

चतकोर
रॅगिंगचं राहिलं. भिंगरी, आईला सांग महाराष्ट्रात त्याविरुद्ध 1999 पासून कायदा आहे, आणि ॲडमिशनच्या वेळी तुझ्याकडून आणि पालकांकडून हमीपत्र भरून घेतात ते त्याचसाठी. देशभराची हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास चालते, आईच्या फोनमधे सेव्ह करून दे, तिला बरं वाटेल. इंट्रो द्या वगैरे सीनियर म्हणतात, तेवढं चालतं, पण रूमवर बोलावणं, रात्री थांबवणं असलं काही असेल तर लाजायचं नाही, सरळ सांगायचं.

सीनियरशी ओळख व्हायची असेल तर त्याहून चांगला रस्ता म्हणजे कॉलेजची पुरुषोत्तमची टीम. 1963 पासून चाललेली एकांकिका स्पर्धा आहे, पावसाळ्यात भरत नाट्यमध्ये असते. तालमी आधीपासून चालू होतात, ॲक्टिंग नको वाटत असेल तर बॅकस्टेजला जा, प्रॉपर्टी (नाटकातलं सामान) सांभाळ, चहा आण, काहीही. आणि प्रयोगाला "आव्वाऽऽज कुणाचा" सुरू झालं की तुझं ते ततपप कुठल्या कुठे जाईल, तिथे शब्द मराठीच आहेत.

भिंगरी
ताई, दादा, काका, सगळ्यांचे खरंच खूप आभार. पप्पांना वाचून दाखवलं. आधारची लिंक बघितली तर माझं शाळेतलं जुनं खातंच निघालं, पप्पा उद्याच बँकेत चाललेत. उत्पन्नाचा दाखला सेतूमधे टाकलाय. गाडीचं कॅन्सल, आई आणि मी एसटीने येतोय, अर्ध्या तिकिटात. मामा थोडे नाराज आहेत स्कूटीवरून.

एकच राहिलं, मेसचं. एका काकूंची मेस कळलीय कर्वेनगरला, महिन्याचे पैसे आधी भरायचे म्हणतात. भरू का?

चतकोर
महिन्याचे लगेच नको. आधी कूपन घेऊन तीन-चार दिवस जेव, एकाच वारी जाऊन ठरवू नकोस, पहिल्या दिवशी सगळीकडे पनीर असतं. मग हे विचार: पोळ्या लिमिटेड का अनलिमिटेड, डबा रूमवर देतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाडे धरतात का. म्हणजे तू घरी गेलीस तर ते दिवस पुढे धरणार की बुडणार. बहुतेक ठिकाणी सलग तीन-चार दिवस असतील आणि आधी सांगितलं असेल तरच धरतात, त्यामुळे शनिवार-रविवारची घरची चक्कर खाड्यात बसत नाही.

भिंगरी
आणि रविवारी?

चतकोर
दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. सगळ्या कर्वेनगरात बंद. तेव्हासाठी कडक भाकरी आण.