लाइव्ह रॉकवर उगवलेले हे प्रवाळ कोणते?

प्रश्न (कोथरूड)
नमस्कार. माझ्याकडे साधारण शंभर लिटरची समुद्री टाकी आहे. परिचयातील एका गृहस्थांनी हा छंद आवरता घेतला, तेव्हा त्यांच्याकडून काही लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव वसलेला समुद्री दगड) आणला होता. त्यातील एका दगडाच्या कपारीतून आता तपकिरी पॉलिपांचा (प्रवाळाच्या फुलासारख्या एकेका जीवाचा) पुंजका वर आला आहे. प्रत्येक देठ बोटाच्या पेराएवढे लांब असून मध्यभाग किंचित हिरवट आहे. दिवे लागले की पॉलिप पूर्ण उमलतात आणि रात्री मिटतात. दुकानदार याला गोनिओपोरा (एक कठीण प्रवाळ) म्हणतात, तर एका मित्राच्या मते हे एप्टेशिया (टाकीत उपद्रवी ठरणारे समुद्रफूल) असल्यामुळे दगड सरळ उकळून काढावा. याची ओळख कशी पटवावी?

उत्तर १ (सहकारनगर)
दगड कृपा करून उकळू नका. तो पुंजका झोअँथस किंवा पॅलिथोआ (प्रवाळांसारखे दिसणारे मऊ जीव) निघाला, तर त्यातील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर खोलीत पसरू शकते आणि अशा प्रकारातून घरातील माणसांना रुग्णालयात हलवावे लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ओळख पटेपर्यंत हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्या दगडाला हात लावू नये.

ओळखीसाठी रंगावर विसंबू नका. निळ्या दिव्याखाली तपकिरीसुद्धा हिरवे दिसते. पंप थोडा वेळ बंद ठेवा, पांढरा दिवा लावा आणि भिंगातून एकाच पॉलिपची टेंटॅकल (तोंडाभोवतीचे बारीक हात) मोजा. गोनिओपोराला चोवीस असतात आणि त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या अल्व्हिओपोराला बारा. एप्टेशियाची टेंटॅकल पुष्कळ, गुळगुळीत आणि टोकदार असतात. झोअँथसची आखूड टेंटॅकल चकतीच्या कडेने दोन ओळींत बसलेली दिसतात. आठच असतील आणि प्रत्येकाला पिसासारखी दुतर्फा झालर असेल, तर वरीलपैकी काहीही नाही. तो अष्टप्रवाळांचा गट आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चार-पाच पॉलिप मोजले. सर्वांना आठच, आणि झालरही स्पष्ट दिसते. काडीने हलकेच स्पर्श केला असता पॉलिप आपापल्या नळीत आत जातो.

उत्तर २ (औंध)
मग हे बहुधा क्लोव्ह पॉलिप, म्हणजे क्लाव्ह्युलारिया असावे. मात्र नळ्या नीट पाहा. त्या चामड्यासारख्या मऊ असून तळाशी दगडावर पसरलेल्या पातळ धाग्यांनी किंवा पापुद्र्याने जोडलेल्या असतील, तर शंका उरत नाही. याउलट नळ्या टणक, गडद लाल आणि आडव्या थरांनी एकमेकींना बांधलेल्या असतील, तर ते ट्युबिपोरा म्युझिका होय. वरून दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात, पण कायद्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये रीफ बांधणारी सर्व प्रवाळे, काळे प्रवाळ, फायर कोरल, गॉर्गोनियन (समुद्रपंखे) आणि ट्युबिपोरा यांचा समावेश झाला. लाल नळ्या आढळल्यास तो दगड कोणाला देण्याघेण्याच्या भानगडीत न पडता वन विभागाशी बोलावे. आणि दुकानदार ज्या सहजतेने 'गोनिओपोरा' म्हणतात, तेही त्याच यादीत येते, हे त्यांनाही सांगायला हरकत नाही.

प्रश्नकर्ता
नळ्या मऊ आणि फिकट तपकिरी आहेत. लाल अजिबात नाहीत.

उत्तर १ (सहकारनगर)
उत्तम. मध्यम प्रकाश आणि मध्यम प्रवाह पुरतो. ऊतींत राहणाऱ्या शैवालामुळे वेगळे खाद्य द्यावेच लागते असे नाही. नायट्रेट पूर्ण शून्यावर आणण्याचा अट्टहास नको. हे प्रवाळ भराभर पसरते, म्हणून दगड इतरांपासून वेगळा, वाळूवर सुटा ठेवा.

आपल्याकडे खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांची. तापमान २४ ते २६ अंशांच्या आसपास राखावे. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला साधा पंखाही टाकी बऱ्यापैकी थंड ठेवतो, पण पाणी झपाट्याने उडते आणि मीठ मागेच राहते. त्यामुळे रोजची भर आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याने करा, खाऱ्या नव्हे, आणि घनता १.०२५ वर आहे ना, हे रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजण्याच्या उपकरणाने) पाहत राहा. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग घटतो. तेव्हा चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) नसेल, तर दिव्यांचा कालावधी कमी करणे हाच व्यवहार्य मार्ग.